अँटिबायोटिकला न जुमानणारे जिवाणू आणि चिकनचं बिल

सप्टेंबर २०२५ मध्ये अंतिम अहवाल विद्यापीठात जमा केला आणि पोचपावतीवर शिक्का मारून घेतला. वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. आमची लॅब म्हणजे दोन खोल्या, वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणारा एक उभा ऑटोक्लेव्ह, निर्जंतुक हवेचं एक लॅमिनार आणि दोन इनक्युबेटर. एवढ्या सामानावर आम्ही शेतशिवारातल्या खाण्याच्या वस्तूंमधले जिवाणू कोणत्या अँटिबायोटिकला दाद देतात आणि कोणत्या नाही, ते तपासलं. हे काम नागपूर-पुण्याच्या मोठ्या प्रयोगशाळांचं, असं मलाही आधी वाटायचं. आमच्यासारख्या कॉलेजात कोणी हे सुरू करणार असेल तर वेळ कुठे जातो, पैसा कुठे जातो आणि गाडी कुठे अडते, ते क्रमाने लिहून ठेवते.

प्रस्ताव लिहिला जून २०२३ मध्ये. दूध, अंडी, मासे, भाजी, चिकन, विहिरीचं पाणी असं सगळंच त्यात होतं. मार्गदर्शक सरांनी निम्म्यावर लाल रेघ मारली आणि म्हणाले, "पैसे दोन लाखांच्या आत मिळतील, त्यात मावेल तेवढंच ठेव." उरलं ते असं: करारावर चालणारी ब्रॉयलरची शेडं, अंगणातल्या गावरान कोंबड्या, तालुक्याच्या बाजारातलं चिकन, आणि कोंबडीखत घातलेल्या वावरातला पालक-सांभार (कोथिंबीर). जिवाणू दोनच, ई. कोलाय आणि अन्नातून पोटात जाऊन आजारी पाडणारा साल्मोनेला.

ई. कोलाय का, हा प्रश्न सादरीकरणात हमखास येतो. तो कोंबडीच्या, गाईच्या, माणसाच्या, सगळ्यांच्या आतड्यात असतो आणि बहुतेक वेळा काही त्रास देत नाही. पण आतड्यावर अँटिबायोटिकचा जो मारा होत राहतो, त्यातून तगलेले ई. कोलायच मागे उरतात. म्हणून सगळीकडे देखरेखीसाठी तोच सूचक धरतात. अँटिबायोटिक प्रतिरोधावरच्या २०१७ च्या राष्ट्रीय कृती आराखड्यात माणूस, जनावर आणि पर्यावरण तिन्ही एकत्र पाहायचं ठरलं आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषद आणि एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) यांचं 'इन्फार' हे जाळं जनावरं आणि मासे यांच्यापुरतं हेच काम करतं. जागतिक आरोग्य संघटनेची 'ट्रायसायकल' पद्धत २०२१ मध्ये आली, तीही ई. कोलायवरच उभी आहे. प्रस्तावात या तिन्हींचा उल्लेख करा. समितीतल्या एका सरांनी मला विचारलंच, "हे मेडिकलवाल्यांचं काम नाही का?" मी कोंबडीखताचा प्रवास सांगितला: शेडातून वावरात, वावरातून पालकाच्या जुडीवर, तिथून आपल्या ताटात. पुढचा प्रश्न आला नाही.

मंजुरीचं पत्र डिसेंबर २०२३ मध्ये आलं. पैसे लगेच येतील असं समजू नका.

मधल्या काळात परवानग्या. जिवंत पक्ष्याला हात लावून विष्ठेच्या जागचा स्वॅब घ्यायचा असेल तर प्राण्यांच्या नीतिसमितीची वाट धरावी लागते. आम्ही पक्ष्याला हातच लावायचा नाही असं ठरवलं. शेडात कोंबड्यांखाली अंथरलेल्या तुसाचा नमुना, बुटांवरचा स्वॅब आणि दुकानातून विकत घेतलेलं मांस, बस. तरीही 'या कामाला प्राणी नीतिसमितीची मान्यता लागत नाही' असं लेखी पत्र मागून घेतलं. हे पत्र जरूर घ्या, शोधनिबंध पाठवताना पहिल्यांदा तेच मागतात. शेतकऱ्यांना प्रश्न विचारायचे म्हणजे मात्र माणसांची नीतिसमिती आली. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांप्रमाणे मराठीत माहितीपत्रक आणि संमतीपत्र लागतं. आमच्या कॉलेजात अशी समितीच नाही, म्हणून दुसऱ्या संस्थेच्या समितीकडे अर्ज केला. बैठक फेब्रुवारीत ठरली, पुढे ढकलली आणि एप्रिलमध्ये झाली. शिवाय जैवसुरक्षा समितीचं पत्र वेगळं.

त्या बैठकीतल्या एका बाईंचा प्रश्न फार उपयोगी पडला. करारशेतीत पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. शेतकऱ्याचं शेड, वीज, पाणी आणि राबणं. मग संमती कोणाची घेणार? आमच्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनीच तोड काढली: तूस शेतकऱ्याचं असतं, लॉट (एका वेळी वाढवलेल्या कोंबड्या) उचलल्यावर खत म्हणून तोच विकतो. तुसाला आणि बुटांच्या स्वॅबला त्याची संमती पुरे. एवढ्या एका वाक्याने आमचा पुढचा बराच ताप वाचला.

पैसे आले मार्च २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात, आणि ३१ तारखेपर्यंत खर्च करून उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं होतं. तीन कोटेशनं, तुलनात्मक तक्ता, खरेदी समितीची सही, साठा नोंदवहीत नोंद. अँटिबायोटिकच्या डिस्कला, म्हणजे औषध भरलेल्या कागदी चकत्यांना, मुदत असते. मार्चमध्ये सगळ्या उचलल्या तर दिवाळीनंतर त्यातल्या काही कचऱ्यात जातात. लेखापालांशी बोलून आम्ही टिकाऊ वस्तू आधी घेतल्या. जिवाणू वाढवायच्या कोरड्या माध्यमाच्या बाटल्या त्यात आल्या; म्युलर-हिंटन अगारची ५०० ग्रॅमची बाटली चार हजारांच्या आसपास पडली. डिस्कच्या ऑर्डरमध्ये 'मुदत किमान वर्षभर शिल्लक असावी' अशी अट लिहिली. दुकानदार कुरकुरला, पण माल तसाच दिला. ई. कोलायची एटीसीसी २५९२२ ही प्रमाण जात (जिचे निकाल किती यायला हवेत ते ठरलेलं असतं) मात्र काटकसरीत वगळू नका. ती नसेल तर पुढच्या सगळ्या आकड्यांवर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा?

एप्रिल-मे वाया गेले म्हणायला हरकत नाही. आपल्याकडच्या उन्हात ब्रॉयलर तगत नाहीत, बरेच जण त्या दिवसांत लॉटच टाकत नाहीत. शिवाय साधा इनक्युबेटर फक्त गरम करतो. खोलीतच ४२ अंश असेल तर तो ३५ वर कसा येणार? थंड करणारा बीओडी इनक्युबेटर नसेल तर उन्हाळ्यात तपासणी ठेवू नका.

नमुने घ्यायला सुरुवात जुलै २०२४ मध्ये झाली, हिंगणघाट-समुद्रपूर पट्ट्यात. ओळखीशिवाय कोणी शेडाच्या आत घेत नाही, आणि ते बरोबरच आहे. शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याचे मामा ब्रॉयलर करतात, तिथून सुरुवात केली. पहिला प्रश्न ठरलेला.

"मॅडम, आमच्या कोंबड्या बिमार नाहीत जी. काऊन तपासता?"

"बिमार नाहीत म्हणूनच तपासायच्या आहेत, मामाजी."

हे समजावायला चहाचे दोन कप लागतात. आजार शोधायला आलो नाही, सरकारकडून आलो नाही, तुमचं नाव कुठे छापणार नाही, शेडाला फक्त आकड्याचा कोड देणार, हे सगळं संमतीपत्रात असतंच. पण कागद वाचून दाखवला की माणसं सावध होतात. आधी बोलावं, मग कागद काढावा.

बूट स्वॅबची पद्धत सोपी आहे. बुटांवर निर्जंतुक कापडी मोजे चढवायचे, ते पातळ द्रावणाने ओले करायचे आणि शेडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरून यायचं. शेडभरचं जे काही तुसात असतं ते मोज्याला चिकटतं. साल्मोनेला शोधायला एका जागचं तूस उचलण्यापेक्षा हे बरं. एका शेडावर मी अशी फिरत असताना दारातल्या आजी सुनेला म्हणाल्या, "ह्या बाईले शेडात चालाचे पैसे भेटते काय वं?" खोटं नव्हतं.

एका दिवशी एकच शेड. दुसऱ्या शेडावर जायचं तर घरी जाऊन आंघोळ, कपडे बदलून, तेही दुसऱ्या दिवशी. आपल्या पायाने एकाचा रोग दुसऱ्याकडे गेला तर पुन्हा त्या गावात तोंड दाखवायची सोय नाही. दारातल्या चुन्यावरून किंवा लाल औषधाच्या पाण्यातून पाय बुडवूनच आत जा, शेतकऱ्याने सांगायची वाट पाहू नका. नमुने थर्माकोलच्या डब्यात जेल पॅकसोबत ठेवायचे आणि त्याच दिवशी लॅबमध्ये लावायचे, चोवीस तासांपलीकडे नाहीच. एसटीने आलात तर कंडक्टर डबा उघडायला सांगतो. आत काय आहे हे खरं सांगितलं की शेजारची सीट रिकामी मिळते.

चिकनच्या दुकानांत वेगळीच गंमत. तंगडीचा तुकडा विकत घ्यायचा आणि जमलं तर लाकडी ठोकळ्याचा आणि सुरीचा स्वॅब मागायचा. तुकडा सगळे देतात, ठोकळा फार थोडे देतात. बिल कोणीच देत नाही. साध्या कागदावर व्हाउचर करून दुकानदाराची सही घेतली. याचं पुढे काय झालं ते शेवटी सांगते.

सगळ्यात अवघड गेलं ते औषधाचं नाव काढणं. प्रश्नावलीत साधा प्रश्न होता: मागच्या लॉटला कोणतं अँटिबायोटिक दिलं? उत्तरं अशी: "पांढरं पावडर." "जुलाबाचं." "सुपरवायझरनं आनलं ते." कोणी लपवत नव्हतं. औषध सुपरवायझर आणतो, किती झाकणं टाकीत टाकायची ते तोच सांगतो, आणि शेतकरी टाकतो. पिल्लं उतरवल्यावर सुरुवातीचे काही दिवस पाण्यातून अँटिबायोटिक द्यायचा रिवाज आहे, आजार असो-नसो. त्याला इथे कोणी औषध मानतच नाही. म्हणून 'औषध दिलं का' म्हटलं की "नाही" येतं आणि 'पहिल्या दिवसांत पाण्यात काय टाकता' म्हटलं की "हाव, ते तं टाकाच लागते" येतं.

मग आम्ही विचारणं सोडून पाहणं सुरू केलं. शेडाच्या मागे, बोअरजवळ, रिकाम्या बाटल्या आणि पाकिटांचा ढीग असतोच. एन्रोफ्लॉक्सासिन, डॉक्सीसायक्लिन, निओमायसिन, टायलोसिन, सगळी नावं तिथे लेबलवर वाचायला मिळतात. एका ठिकाणी कोलिस्टिन लिहिलेला प्लॅस्टिकचा डबा सापडला, बंदीच्या आधीच्या तारखेचा. त्यात आता खिळे ठेवले होते. जुलै २०१९ मध्ये केंद्राने खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत आणि त्यांच्या खाद्यात कोलिस्टिनला बंदी घातली, कारण माणसाच्या दवाखान्यात सगळी औषधं थकली की शेवटी उरणाऱ्या मोजक्या औषधांपैकी ते एक. प्रश्नावलीत 'रिकाम्या बाटल्या पाहू का' हा मुद्दा घालायला नीतिसमितीकडे दुरुस्तीचा अर्ज करावा लागला आणि त्याला महिना गेला. ज्यांना हे काम करायचं आहे त्यांनी तो मुद्दा पहिल्याच अर्जात घालावा.

एक गोष्ट मला वावरात गेल्यावर लक्षात आली. ऑक्टोबरमध्ये पालकाचे नमुने घ्यायला गेलो तेव्हा शेजारी कपाशी उभी होती. पानावरच्या ठिपक्यांसाठी "कॉपर आन् स्ट्रेप्टो मारलं" असं शेतकरी सहज सांगून गेला. म्हणजे कॉपर ऑक्सिक्लोराइडसोबत स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन यांचं मिश्रण. संत्र्यावरही हे मारतात. याला आवर घालायचा मसुदा केंद्राने डिसेंबर २०२१ मध्ये काढला होता. आम्ही फक्त कोंबडीकडे बोट दाखवत निघालो होतो, आणि इथे पिकावरही त्याच गटांतली औषधं फवारली जात होती. त्यानंतर स्ट्रेप्टोमायसिनची डिस्क आमच्या यादीत आली.

लॅबचं सविस्तर सांगते, कारण पुस्तकात न मिळणाऱ्या गोष्टी इथेच आहेत.

साल्मोनेलासाठी २५ ग्रॅम नमुना २२५ मिलिलिटर बफर्ड पेप्टोन वॉटरमध्ये, रात्रभर ३७ अंशांवर. मग रॅपापोर्ट माध्यमात ४१.५ अंशांवर (मे महिन्यात आमच्या व्हरांड्यात एवढं असतंच), मग एक्सएलडी या घट्ट माध्यमाच्या प्लेटवर. लाल वसाहत, मधे काळा ठिपका. पण काळा ठिपका दिसला म्हणून नाचू नका, प्रोटियसही कधी कधी तसाच फसवतो. जैवरासायनिक चाचण्या करूनच पुढे जा. ई. कोलायसाठी मॅककॉन्की माध्यमावर गुलाबी वसाहती आणि ईएमबी माध्यमावर हिरवी धातूसारखी चकाकी. मॅककॉन्कीची एक वेगळी प्लेट लिटरला एक मिलिग्रॅम सेफोटॅक्सिम हे अँटिबायोटिक घालून केली. तिच्यावर जे उगवतं ते तिसऱ्या पिढीच्या सेफॅलोस्पोरिनला (सेफोटॅक्सिम याच गटातलं) न जुमानणारं असण्याचा संशय. पहिल्यांदा ती प्लेट गुलाबी वसाहतींनी भरलेली पाहिली तेव्हा मुलं खूश झाली होती, काहीतरी सापडलं म्हणून. मला काय वाटलं ते त्यांना सांगता आलं नाही. हेच औषध आमच्या गावच्या दवाखान्यात लहान मुलांना टोचतात.

अशा जातींची खातरी करायला सेफोटॅक्सिमची साधी डिस्क आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल घातलेली डिस्क शेजारी लावतात. दुसरीभोवतीचं, जिवाणू न वाढलेलं वर्तुळ पाच मिलिमीटर किंवा जास्त मोठं आलं, तर तो जिवाणू ईएसबीएल हे, अशी औषधं निकामी करणारं विकर (एन्झाइम) बनवतो असं धरतात.

डिस्कच्या चाचणीत सगळा खेळ शिस्तीचा. अगारची जाडी चार मिलिमीटर; पातळ ओतलं तर वर्तुळं फुगतात. जिवाणूंचं द्रावण ०.५ मॅकफार्लंडइतकं (हे गढूळपणाचं माप) गढूळ करायचं, आणि पंधरा मिनिटांत प्लेटवर पसरायचं. डिस्कची कुपी फ्रीजरमधून काढून लगेच उघडू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आत दव धरतं. सोळा ते अठरा तासांनी वाचन. आम्ही दुपारी साडेचारला प्लेटा ठेवायचो, म्हणजे सकाळी साडेनऊला पहिल्या तासाआधी मोजता यायच्या. मोजायला फिजिक्स विभागाकडून व्हर्नियर कॅलिपर उसना आणला. त्याच्या बदल्यात त्यांच्या प्रॅक्टिकलच्या परीक्षेला आमचा माणूस द्यावा लागला.

ऑगस्टमध्ये वादळाने गावची लाइन गेली ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली. फ्रीज बंद होता. पुढच्या आठवड्यात प्रमाण जातीभोवती अँपिसिलिनचं वर्तुळ १३ मिलिमीटर आलं. ते १५ ते २२ मध्ये यायला हवं. बाकी सगळ्या डिस्क ठीक होत्या. अँपिसिलिन ओलाव्याने आणि उष्णतेने लवकर उतरतं. त्या आठवड्यातले अँपिसिलिनचे सगळे आकडे रद्द करून नवी कुपी मागवली. प्रमाण जात लावली नसती तर आम्ही खुशाल 'अँपिसिलिनला प्रतिरोध वाढला' असं लिहून मोकळे झालो असतो.

आणि कृपा करून नोंदवहीत मिलिमीटर लिहा. फक्त 'संवेदनक्षम' किंवा 'प्रतिरोधक' लिहून ठेवलं तर निकष बदलल्यावर काही करता येत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिनचंच पाहा. अशा चाचण्यांचे निकष ठरवणाऱ्या अमेरिकेच्या सीएलएसआय या संस्थेने २०१९ मध्ये या गटातल्या जिवाणूंसाठी निकष कडक केला. आधी २१ मिलिमीटरला संवेदनक्षम म्हणायचे, आता २६ लागतात. साल्मोनेलाचा निकष त्याहून वेगळा, ३१. जुने शोधनिबंध आणि आपले आकडे शेजारी ठेवताना हे पाहिलं नाही तर तुलना फसते. 'व्होनेट' हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात मिलिमीटर भरले की निकष ते लावतं. शिकायला थोडे दिवस लागतात.

कोलिस्टिन डिस्कने तपासता येत नाही. तो रेणू अगारमध्ये नीट पसरत नाही, त्यासाठी द्रव माध्यमातली चाचणीच करावी लागते. आमच्याकडे ती सोय नव्हती, म्हणून वर्ध्याच्या एका वैद्यकीय महाविद्यालयातल्या परिचित प्राध्यापकांकडे निवडक जाती पाठवल्या. साल्मोनेला हाती लागले मोजकेच. त्यांचा सेरोटाइप (पोटप्रकार) ठरवायला देशात कसौलीला आणि इज्जतनगरला राष्ट्रीय केंद्रं आहेत. पाठवताना तिहेरी पॅकिंग, बाहेर यूएन ३३७३ चं (जैविक नमुन्यांसाठीचं) लेबल आणि आत कल्चरची माहिती. आमच्या गावच्या कुरिअरवाल्याने 'जिवाणू' हा शब्द वाचून पार्सल परत केलं. नागपूरला जाऊन अशी पार्सलं घेणारी कंपनी शोधावी लागली, आणि भाडं चिकनच्या सगळ्या खर्चापेक्षा जास्त झालं.

जानेवारी २०२५ मध्ये काम थांबलं. नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेल्याची बातमी आली, आणि सगळ्या शेडांची दारं बंद झाली. फोन केला तर लोक उचलत नव्हते. आम्हीही आग्रह केला नाही. मुदतवाढीचा अर्ज केला. बातम्यांची कात्रणं जोडल्यामुळे तो लवकर मंजूर झाला. मार्चमध्ये उरलेले नमुने घाईने घेतले, कारण पुन्हा ऊन चढायला लागलं होतं.

निष्कर्षांबद्दल थोडंच लिहिते, अहवालात सगळं आहे. ब्रॉयलरच्या शेडांतल्या ई. कोलायमध्ये टेट्रासायक्लिन आणि अँपिसिलिनच्या डिस्कला अगदी चिकटून वाढ दिसणं नेहमीचं झालं होतं, सिप्रोफ्लॉक्सासिनची वर्तुळंही लहानच. गावरान कोंबड्यांत हे प्रमाण बरंच कमी होतं. पण ज्या घरांच्या परसात ब्रॉयलरचं खत पडलेलं होतं तिथल्या गावरानही अगदी स्वच्छ निघाल्या नाहीत. नमुने थोडे आहेत, एकाच पट्ट्यातले आहेत. यावरून विदर्भाचं चित्र काढू नये, हे मी अहवालातही लिहिलं आहे.

निकाल परत सांगायचे, हे आम्ही संमतीपत्रात कबूल केलं होतं. जून-जुलैमध्ये घरोघरी गेलो, प्रत्येकाला त्याच्याच शेडाचा एक पानी कागद दिला. पहिल्याच घरी ऐकायला मिळालं, "म्हणजे माह्या मालात खोट निंगाली म्हना ना. मंग आता कोंबड्या विकू का नोको?" औषधाचा अंश मांसात राहणं वेगळं आणि जिवाणू निगरगट्ट होणं वेगळं, हे दोन्ही लोक एकच समजतात. अंशांची मर्यादा अन्नसुरक्षा प्राधिकरण ठरवतं, १ एप्रिल २०२५ पासून ते नियम आणखी कडक झाले. आम्ही ते तपासलंच नव्हतं. निगरगट्ट जिवाणूही नीट शिजवल्यावर मरतोच, त्याला उष्णतेचा प्रतिरोध आलेला नसतो. धोका कच्चं चिकन कापलेल्या सुरीने काकडी कापण्यात आणि ताजं कोंबडीखत पालकाला घालण्यात जास्त. खत ढीग लावून, ओलं ठेवून, झाकून, चांगलं तापू द्यायचं आणि कुजल्यावर वापरायचं. हे सगळ्यांनी ऐकून घेतलं.

पहिल्या दिवसांतलं अँटिबायोटिक बंद करा, हे मात्र नाही. एका काकाजींनी सरळ विचारलं, "नाई देल्लं आन् मरतुक वाढली, तं तिचे पैसे तुमी देसान काय?" करारात मरतुकीची वजावट त्यांच्याच मजुरीतून होते. मी तो विषय तिथेच सोडला, आणि अहवालाच्या शिफारशींत शेतकऱ्यांसाठी लिहिलेला मुद्दा खोडून तो कंपन्यांसाठी लिहिला. एका स्थानिक बातमीदाराला कुणकुण लागली होती, त्याला गावांची नावं हवी होती. ती दिली नाहीत. शेडांचे कोड आणि नावं यांची यादी वेगळ्या कपाटात कुलपात आहे.

ई. कोलाय आणि साल्मोनेलाच्या जाती ग्लिसरॉलमध्ये घालून उणे ८० अंशांच्या फ्रीजरसाठी एका मोठ्या संस्थेत ठेवल्या, त्यासाठी सामंजस्य करार करावा लागला. आमच्या फ्रीजवर भरवसा ठेवून चालणार नव्हतं.

राहिला चिकनचा हिशेब. नोव्हेंबरमध्ये लेखापरीक्षणाचा आक्षेप आला. जीएसटी बिल नसताना व्हाउचरवर चिकन का घेतलं, हा पहिला मुद्दा. तो दुकानदारांच्या सह्या आणि प्राचार्यांच्या प्रमाणपत्राने सुटला. दुसरा मुद्दा होता, खरेदी केलेल्या चिकनची साठा नोंदवहीत नोंद का नाही आणि शिल्लक माल कुठे आहे. उत्तरासोबत ऑटोक्लेव्हच्या नोंदवहीच्या सत्यप्रती जोडल्या. कोणत्या तारखेला, कोणत्या कोडचा नमुना, १२१ अंशांवर किती वेळ ठेवून नष्ट केला, कोणाची सही, सगळं त्यात होतं. आक्षेप निकाली निघाला आणि शेवटचा हप्ता प्रवासखर्चात थोडी कपात होऊन जमा झाला. आमच्या लॅब अटेंडंट काकांनी ती वही पहिल्या दिवसापासून स्वतःहून ठेवली होती. तुम्हीही ठेवा, आणि शेवटच्या रकान्यात 'काय नष्ट केलं' ते वजनासकट लिहा.